बाळांना लस मोफत, मग एचआयव्हीसह जगणाऱ्या मोठ्यांचे काय?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२१ ते २०२६ या काळासाठी आखला गेला. त्यासाठी केंद्र सरकारने सुमारे १५,४७१ कोटी रुपये मंजूर केले. असा टप्पा संपत आला की पुढच्या टप्प्यात काय हवे याची चर्चा सुरू होते. किती जणांची तपासणी झाली, किती जण औषधांवर आहेत, किती जणांचा व्हायरल लोड आटोक्यात आहे, हे त्या चर्चेतले नेहमीचे मुद्दे. ते महत्त्वाचे आहेतच. पण एक मुद्दा या चर्चेत फारसा ऐकू येत नाही. एचआयव्हीची औषधे नियमित घेणाऱ्या, कामधंदा करणाऱ्या, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला साधा न्यूमोनिया झाला, तर तो साधा राहतो का?

बऱ्याचदा राहत नाही. त्यामागे अनेकदा न्यूमोकोकस नावाचा जीवाणू असतो. या जीवाणूविरुद्धची लस आपल्याकडे जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाला सरकारी केंद्रात मोफत मिळते. एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांना मात्र ती बहुतेक ठिकाणी स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते, आणि अनेकांना तर अशी लस असते हेच कोणी सांगितलेले नसते. तुम्ही स्वतः एचआयव्हीसह जगत असाल किंवा घरात कोणी असेल, तर हा विषय तुमच्यासाठी आहे.

न्यूमोकोकस म्हणजे नेमके काय?

हा जीवाणू काही परग्रहावरून येत नाही. तो अनेक निरोगी माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकात आणि घशात निवांत राहतो. खोकताना, शिंकताना तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. शरीराची पकड सैल झाली की तो खाली फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. काही जणांमध्ये तो रक्तात शिरतो किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. रक्त किंवा मेंदूभोवतीचे पाणी यांसारख्या एरवी जंतूविरहित असणाऱ्या जागी हा जीवाणू सापडला, तर त्याला ‘आक्रमक न्यूमोकोकल आजार’ म्हणतात. जीवावर बेततो तो प्रामुख्याने हाच.

नावांचा एक घोळ इथेच मिटवू. एचआयव्हीच्या संदर्भात ‘पीसीपी’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तो न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया. न्यूमोकोकस वेगळा आणि न्यूमोसिस्टिस वेगळा. न्यूमोसिस्टिस सहसा सीडी४ पेशी २०० च्या खाली गेल्यावर गाठतो. न्यूमोकोकस तेवढी वाट पाहत नाही. सीडी४ बरे असतानाही तो आजारी पाडू शकतो. आकडा जितका कमी, तितका धोका अधिक, एवढेच.

औषधे चालू असताना धोका का उरतो?

हा प्रश्न पेशंट नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. न्यूमोकोकसच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचे एक जाडसर आवरण असते. त्या आवरणामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना त्याला गिळता येत नाही. आवरणाला चिकटणारी प्रतिपिंडे रक्तात असतील, तरच पेशी त्याला ओळखून गिळतात. ही प्रतिपिंडे ‘बी’ पेशी बनवतात आणि त्यांना दिशा दाखवण्याचे बरेचसे काम सीडी४ पेशी करतात. एचआयव्ही नेमका सीडी४ पेशींवर घाव घालतो. त्याच काळात बी पेशींची जुनी आठवणही पुसट होते. एआरटी सुरू केल्यावर सीडी४ चा आकडा वाढतो, पण ही आठवण सगळ्यांमध्ये पूर्णपणे परत येत नाही.

त्यामुळे एआरटी आल्यानंतर न्यूमोकोकल आजाराचे प्रमाण पुष्कळ घटले, तरी ते इतर लोकसंख्येइतके खाली आले नाही. काही देशांच्या नोंदींत एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांमधले आक्रमक आजाराचे प्रमाण इतरांच्या २० पटींहून जास्त आढळले आहे. याचा अर्थ तुम्हाला तो होणारच असा नाही. याचा अर्थ एवढाच, की तुमचा ताप आणि तुमच्या शेजाऱ्याचा ताप एकाच मापाने मोजायचा नाही.

त्यात बिडी-सिगारेट, दारू, मधुमेह, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, पूर्वी होऊन गेलेला टीबी यांची भर पडली की धोका आणखी वाढतो. एकदा न्यूमोकोकल न्यूमोनिया झालेल्याला तो पुन्हा होण्याची शक्यताही जास्त. वर्षभरात दोन किंवा अधिक वेळा न्यूमोनिया होणे हे अमेरिकेच्या १९९३ सालच्या व्याख्येनुसार एड्सचेच एक लक्षण मानले जाते. म्हणून कोणाला वारंवार न्यूमोनिया होत असेल आणि एचआयव्हीची तपासणी झालेली नसेल, तर ती संमती घेऊन करून घ्यावी.

लसीचा आजवरचा प्रवास

‘लस आहे ना, मग सरसकट का देत नाहीत?’ याचे उत्तर समजायला आफ्रिकेतले दोन अभ्यास पाहावे लागतात.

पहिला युगांडातला, २००० साली प्रसिद्ध झालेला. त्यात एचआयव्ही असलेल्या सुमारे १,४०० प्रौढांचा समावेश होता. काहींना २३ प्रकारांविरुद्धची जुनी लस दिली, काहींना लशीसारखे दिसणारे निरुपद्रवी इंजेक्शन. लसीने संरक्षण मिळाले नाही. उलट लस घेतलेल्यांत न्यूमोनिया थोडा जास्तच दिसला. तेव्हा एआरटी तिथे जवळजवळ नव्हती. कारण समजण्यासारखे आहे. त्या लसीत जीवाणूच्या आवरणातली नुसती साखर असते. त्यावर सीडी४ पेशींची मदत मिळत नाही, म्हणून टिकाऊ आठवण तयार होत नाही. या अभ्यासामुळे पुढची अनेक वर्षे गरीब देशांतल्या एचआयव्ही कार्यक्रमांनी या विषयाकडे पाठ फिरवली.

दुसरा अभ्यास मलावीतला, २०१० साली प्रसिद्ध झालेला. यात वेगळ्या प्रकारची, म्हणजे ‘कॉन्जुगेट’ लस वापरली. या लसीत साखरेला एक प्रथिन जोडलेले असते. त्या प्रथिनामुळे सीडी४ पेशी कामाला लागतात आणि पक्की आठवण तयार होते. आक्रमक न्यूमोकोकल आजारातून वाचलेल्या ४९६ जणांनी भाग घेतला. त्यांतल्या ८८ टक्के लोकांना एचआयव्ही होता. लसीतल्या प्रकारांमुळे (आणि त्यांच्या एका जवळच्या भावंडामुळे) होणारा आजार पुन्हा होण्याचे प्रमाण लसीने ७४ टक्क्यांनी कमी केले. एकूण मृत्यूंच्या संख्येत मात्र फरक दिसला नाही. तेव्हा तिथे लोक इतरही अनेक कारणांनी दगावत होते.

म्हणजे लसीला मर्यादा आहेत, पण योग्य प्रकारची लस एचआयव्ही असलेल्या प्रौढांमध्येही काम करते. मुलांबाबतचा पुरावा त्याहून आधीचा. दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटो इथल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसीतल्या प्रकारांमुळे होणारा आक्रमक आजार एचआयव्ही नसलेल्या मुलांमध्ये ८३ टक्क्यांनी, तर एचआयव्ही असलेल्या मुलांमध्ये ६५ टक्क्यांनी कमी झाला.

भारतात आज काय स्थिती आहे?

भारतात २०१७ मध्ये काही राज्यांत बाळांना न्यूमोकोकल कॉन्जुगेट लस, म्हणजे पीसीव्ही, द्यायला सुरुवात झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती देशभर वाढवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बाळाला दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात बूस्टर असे तीन डोस मिळतात. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने १० प्रकारांविरुद्धची ‘न्यूमोसिल’ ही लस डिसेंबर २०२० मध्ये देशात आणली. परदेशी लसींच्या किमती पाहता हे मोठेच काम होते.

याचा मोठ्यांना अप्रत्यक्ष फायदा होतो. बाळांच्या नाकातला जीवाणू कमी झाला की आजी-आजोबांपर्यंत आणि आजारी काकांपर्यंत पोहोचणारा जीवाणूही कमी होतो. अमेरिकेत २००० सालापासून बाळांना ही लस मिळू लागल्यावर एचआयव्ही असलेल्या प्रौढांमधलाही आक्रमक आजार घटला. तुमच्या घरात लहान बाळ असेल तर त्याचे हे तीन डोस वेळेवर पूर्ण करणे हे तुमच्या स्वतःच्या संरक्षणाचेही काम आहे.

पण ‘बाळांना लस दिली की मोठ्यांचे आपोआप भागेल’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. या जीवाणूचे १०० हून अधिक प्रकार आहेत. लसीतले प्रकार मागे हटले की बाकीचे काही प्रकार पुढे येतात आणि दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्यांना ते अधिक गाठतात. म्हणूनच अनेक श्रीमंत देशांत एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांना ही लस थेट दिली जाते. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात प्रौढांसाठी ती नाही. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत आणि त्यांची संख्या सर्वाधिक असलेल्या राज्यांत महाराष्ट्र येतो. म्हणजे हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे.

सरकारची अडचण खोटी नाही. प्रौढांच्या लसीच्या एका डोसला खासगीत काही हजार रुपये लागतात. शिवाय आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या प्रौढांमध्ये हा आजार नेमका किती, याची नोंद तोकडी आहे. ताप आला की आधी मेडिकलमधून अँटिबायोटिक घेतले जाते, मग रक्ताच्या कल्चरमध्ये जीवाणू वाढत नाही, आणि जो आजार मोजलाच जात नाही त्याच्यासाठी पैसे मागणे अवघड होते.

माझे मत असे, की सगळ्यांना एकदम देणे शक्य नसेल तर सुरुवात ठरावीक लोकांपासून करावी. एकदा न्यूमोनियाने किंवा मेंदूज्वराने रुग्णालयात दाखल झालेले, सीडी४ २०० च्या खाली असलेले, पन्नाशी ओलांडलेले, फुप्फुसाचा जुना आजार असलेले. मलावीचा अभ्यास यांतल्या पहिल्याच गटावर झाला होता. ही यादी एआरटी केंद्रांकडे असलेल्या नोंदींतून काढता येईल. त्यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. पेशंटच्या संघटनांनी पुढच्या टप्प्यासाठी ही मागणी नेमक्या शब्दांत मांडावी. नुसती ‘लस द्या’ अशी मागणी फाइलमध्ये पडून राहते. ‘या लोकांना आधी द्या’ म्हटले की खर्चाचा हिशेब मांडता येतो.

तुमच्या हातात आज काय आहे?

सर्वांत मोठे संरक्षण म्हणजे रोजची एआरटीची गोळी. ‘स्टार्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सीडी४ ५०० च्या वर असलेल्या ४,६८५ जणांचा समावेश होता. लगेच औषधे सुरू केलेल्यांमध्ये, थांबून सुरू केलेल्यांच्या तुलनेत, गंभीर जीवाणूजन्य आजार निम्म्याहूनही कमी झाले. म्हणून ‘लस घेतली, आता गोळी चुकली तरी चालेल’ हा हिशेब चुकीचा आहे. गावाला जाताना, लग्नसराईत, काम बदलताना गोळ्यांचा साठा सोबत ठेवा.

दुसरे, डॉक्टरांनी कोट्रायमोक्साझोलची गोळी दिली असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. ती मुख्यतः न्यूमोसिस्टिससाठी असली तरी इतर काही जीवाणूंपासूनही संरक्षण देते. मात्र न्यूमोकोकस या औषधाला आपल्याकडे बऱ्याच प्रमाणात दाद देत नाही, त्यामुळे तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवता येत नाही.

तिसरे, लस. एआरटी केंद्रातल्या किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना थेट विचारा: ‘मला न्यूमोकोकल लस घ्यायची आहे, कोणती आणि केव्हा?’ साधारण दिशा अशी:

• १५ किंवा त्याहून अधिक प्रकारांच्या नव्या कॉन्जुगेट लसी काही देशांत प्रौढांना दिल्या जातात. २० प्रकारांची लस घेतल्यास सहसा एकच डोस पुरतो.

• १३ किंवा १५ प्रकारांची कॉन्जुगेट लस घेतल्यास त्यानंतर किमान ८ आठवड्यांनी २३ प्रकारांची लस देतात. आधी कॉन्जुगेट, मग २३ ची, हा क्रम महत्त्वाचा.

• कॉन्जुगेट लसीसाठी सीडी४ वाढण्याची वाट पाहण्याची सक्ती नाही. २३ ची लस मात्र शक्यतो सीडी४ २०० च्या वर गेल्यावर घेतलेली बरी.

• २३ ची लस आधीच घेतली असेल तर कॉन्जुगेट लस किमान एक वर्षाने देतात.

या लसींत जिवंत जीवाणू नसतो, त्यामुळे लसीमुळे न्यूमोनिया होत नाही. हात दुखणे, एखाद-दोन दिवस कणकण, एवढा त्रास होऊ शकतो. सरकारी केंद्रातली मोफत लस बाळांसाठी असते. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात बाळाची लस स्वतःसाठी मागू नका. लस घेतल्याची तारीख आणि नाव एआरटीच्या पुस्तिकेत लिहून घ्या. एचआयव्ही असलेल्या बाळांना जादा डोस लागू शकतात, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा.

चौथे, दरवर्षी फ्लूची लस. फ्लू होऊन गेल्यावर न्यूमोकोकसला फुप्फुसात शिरायला वाट मिळते. पाचवे, बिडी-सिगारेट सोडणे. याला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

कधी थांबायचे नाही?

न्यूमोकोकसचा न्यूमोनिया सहसा अचानक येतो. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून तापाने फणफणतो, खोल श्वास घेतला की छातीत सुरीसारखी कळ येते, बेडका पिवळसर किंवा गंजाच्या रंगाचा पडतो. टीबीत खोकला आणि संध्याकाळचा ताप आठवडेच्या आठवडे चालतो, वजन उतरते. न्यूमोसिस्टिसमध्ये कोरडा खोकला आणि धाप हळूहळू वाढते. हे ढोबळ फरक आहेत, घरी निदान करायला ते पुरेसे नाहीत. पण पुढीलपैकी एक जरी दिसले तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा:

• मिनिटाला ३० किंवा अधिक वेळा श्वास, किंवा बोलताना वाक्य पुरे करता न येणे

• बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९४ च्या खाली

• ओठ किंवा नखे निळसर

• बरळणे, गुंगी, फिट येणे

• तीव्र डोकेदुखी, मान ताठ होणे, उजेड सहन न होणे

• लघवी खूप कमी होणे, हातपाय गार पडणे

मेंदूज्वराच्या बाबतीत काही तासांचा उशीरही महाग पडतो. जीव वाचला तरी कायमचा बहिरेपणा येऊ शकतो.

एक विनंती. तापात मेडिकलमधून स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे टीबीला अर्धवट दाबतात. चार दिवस बरे वाटते आणि टीबीचे निदान लांबते. रुग्णालयात गेल्यावर ‘पहिल्या इंजेक्शनआधी रक्ताचे कल्चर घेणार का?’ असे जरूर विचारा. मात्र रुग्ण अत्यवस्थ असेल तर तपासणीसाठी उपचार अडवून धरू नका.

डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल सांगायचे का?

माझ्यासारख्या जनरल डॉक्टरकडे ताप-खोकल्याचे पेशंट दिवसभर येतात. त्यांतल्या बहुतेकांना विषाणूचा साधा ताप असतो आणि तसेच उपचार होतात. तुम्हाला एचआयव्ही आहे हे समोरच्या डॉक्टरला माहीत नसेल, तर तो तुम्हालाही त्याच रांगेत बसवणार. ‘तीन दिवसांनी दाखवा’ हा सल्ला इतरांसाठी बरोबर असतो, तुमच्यासाठी तो धोक्याचा ठरू शकतो.

न सांगण्यामागची भीती मला कळते. गाव लहान असते, कंपाउंडर ओळखीचा असतो. पण कायदा तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे या कायद्याने बेकायदा आहे. तुमच्या उपचारांशी संबंध नसलेल्या कोणाला, तुमच्या संमतीशिवाय, ही माहिती सांगणेही बेकायदा आहे. सगळ्यांसमोर बोलायचे नसेल तर एआरटीची पुस्तिका डॉक्टरांच्या हातात द्या, किंवा कागदावर ‘एआरटी चालू’ एवढेच लिहून दाखवा. तेवढ्याने उपचारांची दिशा बदलते. शंका विचारायला १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

घरच्यांनीही एक करावे. रात्री-बेरात्री पेशंट गुंगीत असेल तर डॉक्टरांना खरे सांगायला त्याच्या वतीने कोण बोलणार, हे आधीच ठरवून ठेवा. एआरटीच्या गोळ्यांची नावे, शेवटचा सीडी४ चा आकडा आणि घेतलेल्या लसींच्या तारखा एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. सरकारी कार्यक्रमात प्रौढांची लस येईल तेव्हा येईल. ही चिठ्ठी आज रात्री लिहिता येते, आणि पुढच्या तारखेला एआरटी केंद्रात गेलात की लसीचा प्रश्न विचारता येतो.